तिसऱ्यांदा विचारणारी बाई

सरलाबाई आजही ही गोष्ट सांगायला बसली की आधी पदर तोंडात कोंबून पोटभर हसून घेते, मग बोलते. कबुलीच तशी आहे. केळी पास करायला थेट इराणहून आलेल्या माणसाला तिनं पहिल्या दिवशी ओट्यावरूनच वाटेला लावलं होतं, चादरी विकणारा समजून!

आता यात तिची तरी काय चूक? हिवाळ्याचे दिवस. माणूस गोरापान, दाढीवाला, खांद्याला ही मोठी बॅग, गळ्यात लोकरीचा मफलर, आणि दारात उभा राहून छातीवर हात ठेवून वाकतोय. दर थंडीला गावात शालीवाले येतात ते असेच वाकतात. सरलाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "नको भो. मागला साली लिधी ती चादर एक धुनामा फिकी पडनी. रंगबी पानीमा, पैसाबी पानीमा."

तो पुन्हा वाकला. म्हणाला, "माफ करा."

"माफ काय? तुन्हाच भाऊबंद व्हता तो. त्याले सांगजो, सरलाबाई वाट देखी ऱ्हायनी."

"सांगतो," तो म्हणाला, आणि खरंच मान खाली घालून निघाला की हो!

गल्लीच्या तोंडाशी त्याला भूपेंद्र भेटला. भूपेंद्र म्हणजे सरलाबाईचा पुतण्या, गावातली केळी परदेशी धाडायचं काम बघतो. तो त्याला हाताला धरून परत घेऊन आला, धापा टाकत. "काकू! हाऊ साहेब शे ना! इराणना! आपली केळी हाऊच पास करनार शे!"

मांडीवरच्या शेंगा ओट्यावर सांडल्या. दुसरी कुणी असती तर लाजून घरात पळाली असती. सरलाबाई उठली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग तोंडमाथी सांगता येत नही का रे? चादरवालानं पाप तुन्हा डोकावर लेवानं काय कारन?"

असा बहमन तिच्या घरात आला. आणि आल्या आल्या शिव्या खाऊन बसला. पुढची तीन वर्षं त्यानं तेच केलं म्हणा.

सरलाबाई कोण, तर तापीकाठच्या गुजर पाटलांच्या घरातली धाकटी सून. आता स्वतः सासू झाली, केस पांढरे झाले, तरी गावाच्या लेखी धाकटीच. नवरा हेमकांतभाई म्हणजे बोलायचं खातं लग्नातच बायकोकडे सोपवून मोकळा झालेला माणूस. मुलगा सुरतला, सून प्रतिभा इथंच झेडपीच्या शाळेवर. पंधरा एकर केळी, विहिरीजवळ पत्र्याचं पॅकहाऊस, आणि त्या सगळ्यावर सरलाबाईची जीभ. लोकांच्या नाकावर राग असतो. हिचा जिभेच्या शेंड्यावर. आणि रागही कुठला? ज्या गोष्टी बाकीच्यांनी कधीच गिळून टाकल्या त्यांवर. लाइट रात्रीचीच का येते? बस फाट्यावर थांबत का नाही? डॉक्टर पेशंटकडे न बघता मोबाइलकडे का बघतो? गाव म्हणतं, असंच असतं. सरलाबाई म्हणते, असं का असतं?

फक्त एका माणसासमोर तिचं तोंड बंद. जेठ, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, प्रेमचंदभाई. भूपेंद्रचा बाप. जेठासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं हनुवटीपर्यंत पदर ओढायचा आणि बोलायचं नाही, ही तिथली जुनी रीत. सरलाबाईनं ती अडतीस वर्षं पाळली. जेठाला काही सांगायचं तर भिंतीला सांगायची. "भिंत, तुले सांगस, मोटर बिघडनी." भिंतीनं किती ऐकलं असेल त्या घरात, देवच जाणे.

बहमनचं काम केळी तपासायचं. घड कापून आणला की फण्या सुट्या करायच्या, तुरटीच्या पाण्यात चीक धुवायचा, पंख्याखाली वाळवून खोक्यात भरायच्या. खोक्यावर हा वाकून उभा. एक काळा डाग दिसला की फणी बाजूला. सरलाबाईचा जीव तुटायचा. "अरे, डाग सालवर शे, आतमा नही! तू साल खास का?" तो मान हलवायचा, हसायचा, आणि फणी बाजूलाच ठेवायचा. पुण्यात कॉलेज केल्यामुळे मराठी मोडकंतोडकं बोलायचा. त्यात अहिराणी मिसळली, आणि तिसऱ्या वर्षी ते असं काही झालं की पुण्यातले मास्तर रडले असते.

पण पहिल्या आठवड्यात मोठीच भानगड झाली. सरलाबाईनं चहा पुढे केला. "घे." तो म्हणाला, "नको, नको." सरलाबाई सरळ बाई. नको तर नको. कप उचलला, आत नेऊन स्वतः पिऊन टाकला. जेवायला वाढलं. "नको, नको." ताट आत. दोन दिवस असंच. तिसऱ्या दिवशी हा माणूस पॅकहाऊसच्या मागं बाजूला काढलेली केळी खाताना प्रतिभाला सापडला. प्रतिभानं खोदून विचारलं तेव्हा कळलं. त्यांच्याकडे रीत आहे. समोरच्यानं दिलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा हो. लगेच घेतलं तर हावरट दिसतं. समोरचाही तीनदा विचारतोच, त्याशिवाय विचारलंसं होत नाही. याला ते तारोफ म्हणतात.

सरलाबाई ऐकून अशी भडकली! "भुक्या पोटे 'नको' म्हनस? हाई कोनतं शिक्षण? मरी गया असता मन्हा ओटावर, तर लोके काय म्हनतात, सरलाबाईनी पावनाले उपाशी मारा!" त्या दिवसापासून तिनं त्याच्या पानाशी उभं राहून एका दमात विचारायला सुरुवात केली. "भाकरी घे, घे, घे! व्हयनं तिनदाव. आते खाय."

त्याला हसू आलं. पण तो म्हणाला, "काकू, असं नाही. मध्ये थांबायचं. मी नको म्हणायचं."

"मन्हाकडे टाइम नही."

पण हळूहळू बाईला त्या रीतीचा डाव कळला. जेवणापुरती नव्हती ती. याला विचारलं, बरा आहेस का, तर पहिलं "बरा", दुसरं "बरा", आणि तिसऱ्यांदा खरं काय ते. आईचा डोळा गेलाय, ऑपरेशनची तारीख मिळत नाही. बहिणीची नोकरी गेली. ते तिसरं उत्तर ऐकायची सरलाबाईला सवय लागली. आणि ते ऐकलं की तिला राग यायचा. बहमनच्या देशाचा राग तिनं असा फणी फणी करून गोळा केला.

एकदा खोकी भरता भरता तो म्हणाला, आई पंधरा वर्षांची होती तेव्हा रस्त्यावर उतरली होती. राजा हाकला म्हणून. आखं तेहरान रस्त्यावर होतं.

"राजा कसा व्हता?"

"तेल विकायचा. मेजवान्या द्यायचा. जो बोलला तो जेलमध्ये."

"मंग हाकला ना?"

"हाकलला."

"मंग तुम्हले काय भेटनं?"

आणि बहमननं काय केलं माहीत आहे? आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. मग मागं. मागं केळीचा बाग, त्यापलीकडे तापी, आणि बांधावर दोन वानरं, बस. सरलाबाई खवळली. "अरे, अठे कोन शे? वानरं सांगतीन का तुन्हा सरकारले?" तो ओशाळला. म्हणाला, सवय आहे. नंतर हळूच सांगितलं, मग जे आले त्यांच्याकडे पण जेल होती. तीच जेल. रंग देऊन.

ती खोकी त्या दिवशी सरलाबाईनं अशी आपटली की भूपेंद्र धावत आला.

मग युद्ध झालं, तो म्हणाला. इराकशी, आठ वर्षं. बहमन तेव्हा जन्मला नव्हता. मोठ्या बहिणीला ताप भरला होता, आणि डॉक्टर म्हणाला, केळं द्या. तेहरानमध्ये केळं कुठं? युद्धात केळी कोण आणतं? बापानं आखं शहर पालथं घातलं आणि एक केळं आणलं. एकच. आईनं ते चमच्यानं तीन दिवस भरवलं, आणि साल फेकून दिली नाही, खिडकीत ठेवली, वासासाठी.

पॅकहाऊसमध्ये तेव्हा दहा टन केळी पडलेली. अनुसयाबाई म्हणून एक फण्या कापायला येते. तिचा विळा हातातच राहिला.  

आणि आता तरी काय सुख? त्यांच्या एका नोटेवर इतकी शून्यं की पहिल्यांदा दाखवली तेव्हा पॅकहाऊसमधली प्रत्येक बाई दहा लाखांची धनीण होऊन नाचली. मग कळलं, त्या नोटेत किलोभर केळी येतात, ती पण आली तर. मोठ्या देशांनी त्यांच्यावर निर्बंध घातलेत, म्हणून केळीचा पैसा सरळ येत नाही, दुबईचा फेरा मारून येतो. त्यांच्या सरकारनं म्हणे मध्येच नियम काढला, केळी आणायची तर आधी आपली सफरचंदं बाहेर विका. शहाद्याच्या बाजारात इराणचा शिक्का असलेलं सफरचंद दिसलं तेव्हा सरलाबाई गाडीवाल्याशी भांडली. "हाई मन्ही केळीना बदलामा उनं शे. मालेच इकी ऱ्हायना?" गाडीवाल्याला काय कळणार, त्यानं बिचाऱ्यानं एक फुकट दिलं.

बहिणीची गोष्ट त्यानं सगळ्यात शेवटी सांगितली. डोक्यावर रुमाल न घेता फिरली, म्हणून गाडीत कोंबून नेली. परत आली तेव्हा बोलत नव्हती. सरलाबाईनं आपला पदर मुठीत धरला. "हाऊ पदर मी मन्हा जेठनासमोर लेस. तो मन्हा नि त्याना मामला. पोलीस कोन व्हस मन्हा डोकाले हात लावनारा?"

तिथं उभ्या असलेल्या प्रतिभानं भुवई वर केली. "मग आई, मी परवा शाळेत ड्रेस घालून गेले तेव्हा तुम्ही..."

"तू गप ऱ्हाय. तुन्हा ड्रेसना मामला येगळा शे."

दुसऱ्या दिवसापासून प्रतिभाच्या ड्रेसवर घरात कुणी बोललं नाही. सरलाबाई हरली असं मात्र अजून मान्य करत नाही.

दोन हजार पंचवीसच्या जूनमध्ये बहमन आपल्या घरी, तेहरानला गेला. आईच्या डोळ्याची तारीख मिळाली होती. आणि तो पोचून आठवडा होतो न होतो तोच शुक्रवारी सकाळी प्रतिभानं मोबाइल बघितला आणि म्हणाली, आई, तेहरानवर बॉम्ब पडले. इस्रायलनं टाकलेत.

सरलाबाईनं पहिला फोन लावला तो लागला नाही. दुसरा लागला नाही. मग इराणचं नेटच बंद झालं. फोन लावला की एक बाई फारसीत काहीतरी बोलायची, तेच तेच, गोड आवाजात. सरलाबाई रोज सकाळी त्या बाईशी भांडायची. "तुले ईचारी नही ऱ्हायनी मी! बहमनले दे!" बाई आपलं तेच. प्रतिभा म्हणाली, आई, ते रेकॉर्डिंग आहे. नेट त्यांच्याच सरकारनं बंद केलंय.

"कसाले?"

"लोकांनी बोलू नये म्हणून."

"देख वं माय," सरलाबाई म्हणाली. "बॉम्ब बाहेरना टाकी ऱ्हायनात, नि तोंड घरना दाबी ऱ्हायनात. लोके जातीन कोठे?"

इकडे पॅकहाऊसमध्ये खोकी भरून तयार. जहाजवाल्यांनी हात वर केले. केळी काही वाट बघत नाहीत. हिरवी होती ती पिवळी पडायला लागली, आखं गाव गोड वासानं भरलं. भूपेंद्र डोकं धरून बसला. कुणी म्हणालं, नदीकाठी ओतून टाका. सरलाबाईनं गावातल्या जालमसिंगची पिकअप बोलावली आणि खोकी अक्कलकुव्याकडे, डोंगरातल्या पाड्यांवर धाडली. "त्या लोके तठे भाकरीना लाइनमा उभा ऱ्हातीन, नि मी अठे अन्न नदीकाठे ओतू? ज्याले ओतनं शे त्यानी आपलं घर ओतावं."

पण गोष्ट त्याची नाही. गोष्ट गावातल्या विकास सोसायटीसमोरच्या चहाच्या टपरीची आहे.

टपरीवर टीव्ही. समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. एरवी तिथं क्रिकेट चालतं. त्या आठवड्यात युद्ध चाललं. पडद्यावर आगीचे लोळ, खाली लाल पट्टी, आणि एक माणूस असा ओरडतोय की जणू त्याच्याच अंगणात पडलं. आणि खुर्च्यांत गावातले जाणते, मधोमध प्रेमचंदभाई, हातात कप. "उना! आनखी एक उना! गया रे गया!" एक मिसाइल गेलं की टाळी, बिल्डिंग पडली की टाळी. कुणी इकडून, कुणी तिकडून. दोन जणांनी तर जिलेबीची पैज लावली, तेहरान किती दिवसांत पडतं म्हणून.

सरलाबाई त्याच वाटेनं पॅकहाऊसला निघाली होती. जेठ दिसला तसा हात सवयीनं वर गेला, पदर हनुवटीपर्यंत आला. दोन पावलं पुढं गेली. मागून टाळी वाजली. तिथं ती थांबली.

वळली. टपरीसमोर आली. पदर तसाच खाली. आणि त्या पदराच्या आतून आवाज आला. भिंतीला नाही हं, सरळ जेठाला.

"भाईजी, कोन मरी ऱ्हायना तठे?"

 टपरीवाल्याचं उकळतं दूध उतू गेलं, कुणी बघितलं नाही. प्रेमचंदभाईला आधी कळेनाच की आवाज कुठून आला. अडतीस वर्षांत ऐकलाच नव्हता बिचाऱ्यानं.

"हाई राजकारण शे," तो म्हणाला. "बायकासनी मधमा पडू नही."

"केळी भरताना मधमा पडू दिधं ना? तव्हय नही म्हनं कोनी, बायकासनी मधमा पडू नही." पदर हलत होता, इतका श्वास चालला होता आत. "तुमना वरना मजला कोनी बांधा, भाईजी? त्या लोकसनी आपली केळी खाधी, म्हनीसन बांधाना. भूपेंद्रनी गाडी कोठून उनी? तेसनाच पोटमाथी. आते तेसना डोकावर पडनं, ते टाळ्या वाजाडतस? अहो, गिऱ्हाईक मरनं ते वानीबी एक दिन दुकान बंद करस! तुम्ही जिलेबी खातस!"

"आपला काय संबंध त्यासना?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

"तो पोऱ्या तीन साल तुन्हा शेतमा उभा व्हता! तुन्हा पोरीनं लगीनमा वाढे, तो कोन व्हता? तव्हय संबंध व्हता. आते टीव्हीवर शे, ते संबंध नही? ज्यानी बॉम्ब टाका त्यालेबी कीडा पडोत, नि ज्यानी आपलाच लोकसना फोन तोडा त्यालेबी पडोत. पन तुम्ही? तुम्ही ते अठे बठेल शेतस, चहा पेतस. तुम्हले कसाना राग शे तेसनावर? काय बिघाडं तेसनी तुमनं?"

 टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली. सरलाबाईनं हात लांब करून टीव्हीचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. मग ती गेली. पदर शेवटपर्यंत वर केला नाही, रीत म्हणजे रीत.

संध्याकाळी प्रेमचंदभाईनं धाकट्या भावाला बोलावलं. "हेमकांत, तुन्ही बायकोले आवर."

हेमकांतभाई म्हणाला, "भाई, मी लगीनना सालमाच कोशिश करी व्हती."

टपरीवर टीव्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा लागला. नाही असं नाही. पण सरलाबाई यायच्या वेळेला आवाज कमी व्हायचा. प्रेमचंदभाईनं तिच्याशी अबोला धरला, आणि ही म्हणाली, त्यात नवं काय, अडतीस वर्षं तेच चाललं होतं. हसली नाही मात्र. त्या दिवसांत ती हसलीच नाही. भाकरी करताना तवा आपटायची, गाईला ओरडायची, त्या फोनमधल्या गोड बाईला शिव्या द्यायची. भूपेंद्र म्हणायचा, काकू, बहमनचं काही झालं असतं तर कळलं असतं. ती म्हणायची, कोनी सांगं असतं? नेट बंद शे ना.

मग युद्ध थांबलं अशी बातमी आली. त्यानंतर एका दुपारी, जेवणं उरकली होती, प्रतिभाचा फोन वाजला. लांबलचक नंबर. प्रतिभा किंचाळलीच. "आई! बहमन!"

फोन मोठ्या आवाजावर ठेवला. घरात हेमकांतभाई, भूपेंद्र, आणि ओसरीच्या टोकाला चक्क प्रेमचंदभाई. अबोला होता, पण केळी त्याचीही अडकली होती ना. सरलाबाईनं पदर ओढला आणि फोनजवळ बसली.

"काकू, सलाम," बहमन म्हणाला. आवाज विहिरीतून आल्यासारखा. "सगळं ठीक. आई ठीक. घर ठीक. तुम्ही काळजी नका."

सगळ्यांनी श्वास सोडला. भूपेंद्रचे डोळे भरले. प्रेमचंदभाईनं ओसरीवरून हळूच भूपेंद्रला सांगितलं, "ईचार, बंदर कव्हय खुली ऱ्हायनं."

सरलाबाईनं त्याच्याकडे न बघता हात वर केला. थांबा.

"घर ठीक शे?"

"ठीक, ठीक. तुमचा आशीर्वाद."

"ते म्हनस ना मी," भूपेंद्र म्हणाला. "चला, देवनी किरपा."

"गप ऱ्हाय तू." सरलाबाई फोनकडे वाकली. "बहमन. आते मी तिसरांदाव ईचारस. घर ठीक शे का?"

 पलीकडे खरखर. 

"खिडकी नाही, काकू," तो म्हणाला.

"कोनती?"

"कुठलीच. काच सगळी आत. समोरची बिल्डिंग नाही. तिथं दात-डॉक्टर होता. त्याच्या दोन मुली. छोट्या. मी त्यांना तुमची केळी दिली होती, बॅगेतून नेलेली. आई जात नाही घरातून. डोळ्याला पट्टी, आणि घरात काच. मी झाडतो, परत निघते. म्हणते, सद्दामच्या वेळी नाही गेले, आता का जाऊ. आम्ही बाथरूममध्ये झोपतो."

प्रतिभानं तोंडावर हात ठेवला. सरलाबाई मात्र पेटली. "मंग 'ठीक ठीक' काय लाई ऱ्हायना इतला येळ? मरी जाशी का खरं बोलीसन? मी अठे रोज त्या बाईले शिव्या देस, नि तू माले आशीर्वाद देस? दे. तुन्ही मायले फोन दे."

"तिला मराठी..."

"तू शे ना मधमा. दे!"

बहमनची आई, परवीनबाई, आल्या फोनवर. आवाज जाडा, बसलेला, पण ताठ. आधी आभार, मग देवाचं नाव, मग पुन्हा आभार. बहमन मराठीत सांगत होता. सरलाबाईनं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिले सांग, डोयाले काच लागनी ते तारीख पुन्हा कोन दी? तुन्ही बहिनकडे जाय म्हना. खिडक्या बसेत तोवर."

परवीनबाई म्हणाल्या, नको. लेकीवर ओझं होईल. सरलाबाईनं पुन्हा सांगितलं. परवीनबाई म्हणाल्या, नको, तिचं घर लहान. सरलाबाईनं एक दम घेतला, रीतीनं, आणि तिसऱ्यांदा सांगितलं, असं खणखणीत की कोंबड्या पळाल्या.  मग परवीनबाई म्हणाल्या, बरं. खिडक्या बसेपर्यंत. फक्त तेवढंच.

"व्हयनं," सरलाबाई म्हणाली. "नि पोऱ्याले काही खावाले घाल. आवाज देख कसा व्हयना त्याना."

हे मात्र परवीनबाईंना झोंबलं. त्यांनी तिकडून फारसीचा पट्टाच सोडला.

"काय म्हने ती?"

"काही नाही, काकू."

"बहमन."

"म्हणते..." तो चाचरला. "म्हणते, माझा मुलगा इंडियातून आला तोच काडी होऊन आला. तुम्ही त्याला काय खायला घालत होतात? नुसती केळी?"

घरात सगळ्यांनी एकदम सरलाबाईकडे बघितलं. पदराच्या आतून आवाज आला, "काडी?"

"म्हणजे बारीक."

"माले समजस काडी काय ऱ्हास! तिले सांग, जावाना दिन पॅकहाऊसना काटावर उभा करा व्हता त्याले, अनुसयाबाईनी मस्करीमा. ब्याऐंशी किलो भरना. उना तव्हय चौऱ्याहत्तर व्हता. आठ किलो मी चढाया!"

बहमननं सांगितलं. परवीनबाईंचं उत्तर लगेच आलं, थंड आवाजात.

"म्हणते, तुमचा काटा खोटा असेल."

हेमकांतभाईनं डोळे मिटून घेतले. ओसरीवर प्रेमचंदभाई सरसावून बसला. काट्याचं नाव निघालं की आख्ख्या गुजर आळीची इज्जत पणाला लागते.

सरलाबाई फोनवर इतकी वाकली की नाक टेकलं. "तिले ईचार. तीन साल तुमना देशनी मन्ही केळी कोनता काटावर लिधी? ह्याच काटावर! काटा पास कोनी करा? तिनाच पोऱ्यानी! सही त्यानीच शे! केळी लेतान काटा खरा, नि पोऱ्या मोजतान खोटा?"

"काकू..." बहमन म्हणाला.

"सांग तिले! काही गाळू नको!"

त्यानं सांगितलं.  पलीकडे कुठं तरी झाडू काचेवरून फिरल्याचा आवाज आला. मग परवीनबाई एकच शब्द बोलल्या, फारसीतही तोच आणि मराठीतही तोच, रागानं, अगदी जड जाऊन.

"कबूल."

"काय म्हने?" प्रेमचंदभाईनं ओसरीवरून विचारलं.

"समजनं माले," सरलाबाई म्हणाली. "आते तिले सांग, दुसरी गोष्ट. आठ किलो म्हनी व्हती मी. ते दुपारना जेवनना आगे. जेवन धरीसन साडेआठ."